एस-फोर-सी: ज्या शुल्कावर बहिष्कार, त्यावरच चालणारी वाहिनी

वेल्श भाषेची ही दूरचित्रवाणी वाहिनी आंदोलनातून मिळालेली आहे. १९७९ मध्ये हुजूर पक्षाने वेगळ्या वेल्श वाहिनीचे आश्वासन दिले आणि सत्तेवर येताच शब्द फिरवला. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाच्या लोकांनी टीव्ही परवान्याचे, म्हणजे ब्रिटनमध्ये टीव्ही पाहण्यासाठी भराव्या लागणाऱ्या शुल्काचे, पैसे भरायला नकार दिला. पक्षाचे अध्यक्ष ग्विन्वोर एव्हन्स यांनी ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण जाहीर केले. सप्टेंबरातच थॅचर सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ ला प्रसारण सुरू झाले. २०२२ पासून वाहिनीचा सार्वजनिक निधी पूर्णपणे त्याच परवाना शुल्कातून, बीबीसीच्या हातून येतो. वाहिनी स्वतंत्र, तिजोरीची किल्ली मात्र शेजाऱ्याकडे. रचनेतला कच्चा दुवा हाच.

पाहायला सोपी वाट म्हणजे बीबीसी आयप्लेअर ही ऑनलाइन सेवा. तिथे थेट प्रसारणही मिळते, पण त्याला टीव्ही परवाना लागतो आणि ब्रिटनबाहेर ते उघडत नाही. बहुतेक मालिकांना इंग्रजी सबटायटल असतात, आपोआप दिसले नाहीत तर चालू करावे लागतात. थेट कार्यक्रमात ते बोलण्याच्या मागे रेंगाळतात, त्यामुळे राजकीय वादविवाद ऐन रंगात आला की भाषा न जाणणाऱ्याची पंचाईत होते.

भाषा शिकणाऱ्याने सुरुवात कुठून करावी? 'पोबोल अ कुम' ही १९७४ पासूनची मालिका वेल्सच्या दक्षिणेकडच्या बोलीत आहे आणि ती बीबीसीच बनवते. कायद्याने बीबीसीला वाहिनीला आठवड्याला किमान १० तासांचे कार्यक्रम द्यावे लागतात. 'राउंड अ राउंड' उत्तरेकडची. दोन्ही एकदम धरल्या तर गोंधळ ठरलेला: 'आत्ता'ला दक्षिणेत 'नाउर', उत्तरेत 'रुआन', आणि लिहिताना एक शब्द दुसऱ्याची अक्षरे उलटी करून होतो! एकच बोली पकडावी. राजकारणासाठी 'अ बीद आर बेदवार' बघावा. तो आयटीव्ही या खासगी वाहिनीच्या वेल्समधील विभागाकडून येतो, म्हणजे सगळी पत्रकारिता एकाच घरची नाही. ही जमेची बाजू मोठी आहे.

२०१८ मध्ये मुख्यालय कार्डिफहून कारमार्थनला, 'यर एगिन' म्हणजे 'अंकुर' नावाच्या इमारतीत गेले. १९६६ च्या पोटनिवडणुकीत एव्हन्स प्लाइड कम्रीचे पहिले खासदार झाले ते याच कारमार्थनमधून.