जुन्या बाजारातला पदकवाला : पदकांना पाचपैकी चार, बंदुकांना शून्य

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुणेकरांना नव्याने सांगायला नको. तिथे नाणी विकणाऱ्यांच्या रांगेत एक पदकवाला बसतो. खाली ताडपत्री, वर मळकं हिरवं मखमलीचं कापड, बाजूला कुलपाची पत्र्याची पेटी. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहायचा प्रश्नच नाही. लष्करी पदकं गोळा करायला नुकतीच सुरुवात करणाऱ्या माणसाने इथे जावं का, तेवढंच सांगतो.

जावं. कारण एकच, हा माणूस माल हातात देतो. मी जन्मभर टूलरूममध्ये काम केलं, त्यामुळे खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, असतोच. बाकीचे विक्रेते व्हर्नियर दिसला की तोंड वाकडं करतात. हा म्हणाला, "मोजा काका, बिनधास्त मोजा. फक्त घासू नका." पुढे स्वतःच पेटीतून दोन पदकं काढली आणि यातलं खोटं कोणतं ते ओळखा म्हणाला.

दोन्ही ब्रिटिश वॉर मेडल, पहिल्या महायुद्धाची. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसरीकडे उघडा घोडेस्वार आणि 1914, 1918 ही सालं. अस्सल पदकाचा व्यास 36 मिलिमीटर. एक बरोबर तेवढं भरलं, दुसरं जरा कमी. साच्यात ओतलेली नक्कल असली की धातू थंड होताना आकसतो आणि माप मार खातं, हे ओतकाम पाहिलेल्या कुणालाही कळेल. शिवाय नकलेवर घोड्याच्या पोटाखाली बारीक बारीक खड्डे होते, देवीचे व्रण असावेत तसे. अस्सल पदक ठशाने दाबलेलं असतं, त्याच्या सपाट भागावर असे खड्डे नसतात.

पण खरी मेख कडेवर आहे. पहिल्या महायुद्धाच्या या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. किंमत ठरते ती या एका ओळीवर. म्हणून लबाड लोक साध्या पलटणीचं नाव कानशीने घासून काढतात आणि गाजलेल्या पलटणीचं ठोकतात. घासलं की कड पातळ होते. व्हर्नियर दोनचार ठिकाणी फिरवून बघायचा, नावापाशी माप उतरलं की पदक खाली ठेवायचं. व्हर्नियर नसेल तर नख फिरवा. कडेच्या दोन्ही धारा सगळीकडे सारख्या लागायला हव्यात.

आपल्याकडच्या माणसाला अर्थातच मराठा पलटणी हव्या असतात. तेव्हा 103, 105, 110, 114, 116 आणि 117 हे त्या पलटणींचे आकडे पाठ करून जा. 1922 च्या फेररचनेत हे आकडे मोडीत निघाले आणि सगळ्यांची मिळून 5 वी मराठा लाइट इन्फंट्री झाली. यातल्या 103, 110 आणि 117 या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. साहजिकच त्या तीन आकड्यांवर भाव चढतो, आणि खोटेपणाही तिथेच जास्त होतो. 111 महार लिहिलेलं दिसलं तर मात्र थांबून नीट बघा. ही पलटण 1917 मध्ये उभी राहिली आणि 1921 मध्ये बरखास्तही झाली, त्यामुळे तिचा माल मुळातच थोडा.

ब्राँझचं ब्रिटिश वॉर मेडल दिसलं तर हलकं समजून पुढे जाऊ नका. लढणाऱ्या शिपायांना चांदीचं मिळालं, ब्राँझचं लेबर कोअरसारख्या मजुरीच्या तुकड्यांतल्या लोकांना. संख्येने ते चांदीच्या मानाने फारच कमी निघालं.

चांदीच्या पदकांची दुसरी गंमत म्हणजे ती घराघरांतून थेट सराफाकडे गेली. वजन साधारण तीन तोळे, चांदी चांगली, आणि घरात पैशाची अडचण. पणजोबांची मर्दुमकी वितळून पैंजण झालेली किती निघतील सांगता येत नाही. त्याच्या जोडीचं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, त्याला सराफ विचारत नाही, म्हणून ते उरलं. जुन्या बाजारात इंद्रधनुषी रिबिनीची एकटी व्हिक्टरी मेडलं दिसतात ती यामुळे. नवशिक्याने पहिली खरेदी याचीच करावी असं माझं मत. भाव आवाक्यात, कडेवर नाव असतंच, आणि चांदी नसल्यामुळे विक्रेता सराफी दराचं गणित मांडत बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचा मालही भरपूर आहे. बर्मा स्टार, इटली स्टार, इंडिया सर्व्हिस मेडल. मराठ्यांच्या दृष्टीने इटली महत्त्वाची, कारण यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांचे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, तिथलेच, पहिला 1944 चा, दुसरा 1945 चा. ब्रिटनमध्ये वाटलेल्या या स्टार पदकांवर नाव नसतं, भारतीय शिपायांना दिलेल्यांवर मात्र मागच्या बाजूला ते ठोकलेलं असतं. म्हणून कोरी स्टार निघाली तर कुणाची आणि कुठली हे कळायला मार्ग नाही. पदकवाल्याने मला एक कोरी इटली स्टार "साताऱ्याच्या सुभेदाराची" म्हणून दाखवली. सुभेदार असेलही, पण गोष्टीचे वेगळे पैसे मी देत नाही. कागद दाखवा, मग बोलू. यावर तो हसला आणि भाव चारशेने उतरवला.

पाचपैकी एक तारा कापला तो कशासाठी, ते सांगतो. याचा अर्धा माल पितांबरी लावून लखलखीत केलेला आहे. शंभर वर्षांची काळपट झाक एकदा गेली की गेली, आणि कडेवरची अक्षरंही बोथट होतात. मला घासू नका म्हणणारा माणूस स्वतः घरी काय करतो हे कळेना. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाइकाला चमक लागते." रिबिनीही बऱ्याच नव्या आहेत. नोटा तपासायचा जांभळा दिवा न्या, नव्या कृत्रिम धाग्याची रिबिन त्यात उजळते. नवी रिबिन हा गुन्हा नाही, कॅम्पात लष्करी गणवेश शिवणाऱ्यांकडे ती राजरोस मिळते. फक्त तिला जुनी म्हणून पैसे लावू नयेत.

आता बंदुका. कापडाच्या मागे, अर्धवट गोणपाटात, ठासणीची एक बंदूक आणि एक संगीन होती. "शोपीस आहे, लायसन लागत नाही," हे ठरलेलं वाक्य. यावर विश्वास ठेवू नका. 1959 च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही कधी चालणार नाही अशा जुन्या किंवा मोडक्या हत्याराला. या बंदुकीचा घोडा ओढून पाहिला, खटका स्वच्छ पडत होता. नळी मोकळी. लोहाराच्या अर्ध्या तासाच्या कामात ती बार काढेल. म्हणजे परवाना लागणारच, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरही माणशी दोनच बंदुका. महायुद्धातली .303 रायफल तर प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाची, तिचं नावच काढू नका. संगिनीचंही तसंच. 1907 च्या नमुन्याचं पातं 17 इंच, दुसऱ्या महायुद्धात भारतात आखूड केलेलं 12 इंच. नियमांत सुऱ्याच्या पात्याची मर्यादा 9 इंचांची आहे आणि हत्यारांच्या यादीत संगीन नावानिशी आहे. जुन्या हत्यारांची हौस असेल तर केळकर संग्रहालयात तिकीट काढून बघा, पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा स्वस्त पडतं.

परदेशात राहणाऱ्या भाच्याला भेट म्हणून पदक पाठवायचा विचार असेल तर तोही जपून. शंभर वर्षांपुढच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर 1972 च्या कायद्याने बंधन आहे, आणि पहिल्या महायुद्धाचा माल आता त्या वयाचा झाला.

पावती मागितली तर तो वहीचा कागद फाडून देतो. त्यावर कडेवरची ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, खाली त्याची सही आणि तारीख. यूपीआय चालतं. रविवारी सकाळी लवकर जा, दुपारनंतर गेलात तर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चांगला माल उचलून नेलेला असतो. गाडी मात्र लांब लावा, बाजाराच्या रस्त्यावर पोलीस ती उचलतात.