खाच भरायची कशाने: दगडाच्या चुऱ्याने की रेझिनने?

लाकडी वाडग्याच्या काठावर सजावटीची खाच घेऊन झाली, काम अजून लेथवरच (लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर) आहे, आणि आता ती भरायची कशाने हे ठरत नाही. बरेच जण रंग बघून ठरवतात. मी आधी खाचेचं माप बघतो. 2-3 मिलिमीटर खोल आणि साधारण तितकीच रुंद असेल तर दगड. किडीने पोखरलेली जागा किंवा गाठ निखळून पडलेलं भोक असेल तर रेझिन, म्हणजे दोन भाग मिसळून ओतायची, मग घट्ट होणारी इपॉक्सी.

दगडाचा चुरा खाचेत दाबून भरायचा आणि वरून पातळ सुपरग्लू सोडायचा. आधी जाडसर कण, मग त्यांच्या फटींत बारीक भुकटी. ग्लू आपसूक तळापर्यंत झिरपतो, पण थर जाड झाला तर आतला ग्लू ओलाच राहतो, म्हणून थोडं थोडं भरावं. घाईने अ‍ॅक्सिलरेटर (ग्लू झटपट घट्ट करणारा फवारा) मारला की ग्लू फेसाळून पांढरा पडतो आणि गडद दगडात तो डाग लगेच दिसतो. थोडा धीर धरला तर त्याच दिवशी काम पुन्हा कातायला घेता येतं.

दगड मात्र जपून निवडा. कठीणपणाच्या मोस मापावर (आकडा मोठा तितका दगड कठीण) कॅल्साइट 3, मॅलाकाइट 3.5 ते 4, लाजवर्द 5 ते 5.5, फिरोजा 5 ते 6 आणि क्वार्ट्‌झ 7. हायस्पीड स्टीलच्या हत्याराची धार फिरोजावरच लवकर बोथट होते. क्वार्ट्‌झच्या वाटेला मी जात नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने कॅल्साइट किंवा मॅलाकाइट घ्यावा. मॅलाकाइट आणि फिरोजा दोन्हींत तांबं असतं, त्यांची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. कुटताना आणि घासताना चांगला मास्क हवाच, आणि त्यासाठी वापरलेला खलबत्ता परत स्वयंपाकघरात नेऊ नये.

दगडाची खरी परीक्षा घासताना होते. पॉलिश पेपर नुसत्या बोटाने धरला तर मऊ लाकूड झिजतं आणि दगड तसाच राहतो. माझ्या एका डबीच्या झाकणावर असाच उंचवटा राहिला. डोळ्यांना दिसत नव्हता, पण अंगठा दर वेळी तिथे अडखळायचा. तेव्हापासून पेपरामागे कडक ठोकळा धरतो.

रेझिनमध्ये ही अडचण नाही. धारदार हत्याराखाली इपॉक्सी सहज कातली जाते. तिचा त्रास आधी असतो. दोन भागांचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तसंच घ्यायचं, वजनाने की मापाने तेही बघायचं. मिसळणं अर्धवट राहिलं तर ती कायमची चिकट राहते. पाच मिनिटांत घट्ट होणारी इपॉक्सी बुडबुडे आतच अडकवते. सावकाश घट्ट होणारीत ते वर येऊन फुटतात, पण तिला निदान एक दिवस द्यावा लागतो. शिवाय ती वाहते. गोल भांड्याच्या कुशीवरची खाच भरायची तर वर आलेला तेवढाच भाग भरा, घट्ट होऊ द्या, मग काम फिरवून पुढचा. अशा खाचेत दगडाने मला बराच कमी त्रास दिला आहे. जोरात घासल्यावर इपॉक्सी तापून मऊ होते आणि पेपर भरून जातो, त्यामुळे वेग कमी ठेवावा. शेवटचे पेपर ओले करून वापरले तर चमक चांगली येते.

लाकूड मात्र दोन्हींसाठी पूर्ण वाळलेलं हवं. ते पुढे आकसलं तरी खाचेतला दगड किंवा रेझिन आकसत नाही, मग कडेला फट पडते किंवा लाकूडच तडकतं. फिक्या लाकडात पातळ ग्लू रेषांतून शिरून गडद डाग पाडतो आणि तो कातूनही जात नाही. खाचेच्या आत आणि आजूबाजूला आधी शेलॅकचा (लाखेच्या पातळ पॉलिशचा) हात दिला की हे टळतं.

मोठ्या भोकासाठी मला दोन्हींचा मेळ सगळ्यात आवडतो. नुसती पारदर्शक इपॉक्सी ओतली तर आतली खडबडीत भिंत दिसते, कधी तीच हवी असते. ती नको असेल तर खडे आधी पृष्ठभागाच्या किंचित वरपर्यंत रचून घ्या आणि मग सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी ओता. आधी रेझिन ओतून वरून खडे टाकले तर ते तळाशी बसतात आणि कातल्यावर वर फक्त रेझिन उरतं.

तरीही ठरत नसेल तर त्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर दोन खाचा घ्या, एक अशी आणि एक तशी भरा, शेवटच्या पेपरापर्यंत घासा आणि डोळे मिटून अंगठा फिरवून बघा.