युनि-असिस्ट: बडोद्यातून जर्मनीचा अर्ज स्वतः भरावा का?

जर्मनीत मास्टर्स करायचं ठरलं की रावपुरा-दांडिया बाजारातल्या घरांतून आधी अलकापुरीतल्या कन्सल्टन्सीची चौकशी सुरू होते. पण बऱ्याच विद्यापीठांचा अर्ज शेवटी बर्लिनच्या युनि-असिस्टकडेच जातो, आणि तो घरी बसून भरता येतो. या सेवेचं काम पद्धतशीर आहे, दरही माफक. मात्र कागद कच्चे असतील तर सांभाळून घेणारं तिथे कोणी नाही.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. युनि-असिस्ट प्रवेश देत नाही. जर्मन विद्यापीठांच्या वतीने ते परदेशी गुणपत्रिका तपासतात आणि फाइल पुढे पाठवतात, निर्णय विद्यापीठाचा. शिवाय सगळी विद्यापीठं यात नाहीत. टीयू ड्रेस्डेनचा अर्ज इथून जातो, आखेनच्या आरडब्ल्यूटीएचचा थेट त्यांच्याच पोर्टलवर. म्युनिकच्या टीयूएमसाठी इथून फक्त व्हीपीडी, म्हणजे प्राथमिक तपासणीचं पत्र घ्यायचं आणि ते त्यांच्या पोर्टलवर जोडायचं. त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या त्या अभ्यासक्रमाचं पान नीट वाचा.

फी: एका सेमिस्टरसाठी पहिल्या अर्जाला 75 युरो, पुढच्या प्रत्येकाला 30. पाच अर्जांचे 195 युरो होतात. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा 75 पासून सुरुवात. पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय फाइल उघडत नाहीत. बँकेतून पाठवलेल्या पैशांतून मधली बँक शुल्क कापते, चार-पाच युरो कमी पोचतात आणि अर्ज तिथेच अडकतो. आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेलं क्रेडिट कार्ड वापरा, हा त्रासच टळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गुणांचं जर्मन रूपांतर. सूत्र सोपं आहे. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल उणे किमान-उत्तीर्ण गुणांनी भागा, 3 ने गुणा, त्यात 1 मिळवा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 म्हणजे जेमतेम पास. समजा सीजीपीए 10 पैकी 7 आहे. उत्तीर्णाची मर्यादा 4 धरली तर उत्तर 2.5 येतं. तीच 5 धरली तर 2.8. ज्या अभ्यासक्रमाची अट 2.5 आहे, तिथे हाच फरक दार उघडतो किंवा बंद करतो. म्हणून गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ग्रेडिंगची माहितीसुद्धा स्कॅन करा. ती छापलेली नसेल तर एम. एस. युनिव्हर्सिटीतून किमान-उत्तीर्ण ग्रेडचा स्पष्ट उल्लेख असलेलं पत्र घ्या. बरेच जण फक्त पुढची बाजू अपलोड करतात. ही चूक करू नका.

कागदपत्रांत बारावीची गुणपत्रिका, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा प्रोव्हिजनल प्रमाणपत्र लागतं. स्कॅन मूळ कागदाचे आणि रंगीत हवेत. गुजरातीत छापलेला कागद असेल तर अधिकृत अनुवाद जोडावा लागतो. नावाकडेही लक्ष द्या. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि पासपोर्टवर क्रम वेगळा. पोर्टलवर पासपोर्टप्रमाणेच भरा. स्पेलिंगमध्येच फरक असेल तर तो आधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढे व्हिसालाही तोच प्रश्न उभा राहतो.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याची खातरजमा, वेगळं; ते युनि-असिस्ट देत नाही. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते अनिवार्य आहे, आणि अनेक ठिकाणी प्रवेश अर्जासोबतच मागतात. फी 18,000 रुपये. सुरुवात याच्यापासून करा. शेवटच्या सेमिस्टरच्या निकालाची वाट बघत बसलात तर बाकी सगळं तयार असून अर्ज राहून जातो.

हिवाळी सेमिस्टरची सर्वसाधारण मुदत 15 जुलै, पण मास्टर्सच्या अनेक अभ्यासक्रमांची त्याआधीच संपते. तपासणीला चार ते सहा आठवडे धरा. शेवटच्या दिवशी अर्ज गेला आणि एखादा कागद कमी निघाला, तर तो मुदतीत देणं शक्यच होत नाही. मुदतीच्या आठ आठवडे आधी अर्ज टाकला तर त्रुटी कळवल्यावर हातात वेळ राहतो.

मग कन्सल्टन्सीला पैसे द्यावेत का? हेतुपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारं पत्र, एसओपी) कुणाकडून तपासून घ्यायचं असेल तर जरूर द्या. पण फुकट सेवा देणाऱ्याला विचारा की तुमचा खर्च निघतो कुठून. सहसा ती कमाई खासगी विद्यापीठांच्या कमिशनमधून येते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि टीयूएमही 2024-25 पासून शुल्क घेतं. अर्ज कुणीही भरो, खात्याला ई-मेल तुमचाच हवा आणि पासवर्डही तुमच्याकडेच. त्रुटीची सूचना तिथेच येते, आणि ती दोन दिवसांत दुसऱ्या कुणाच्या इनबॉक्समध्ये गाडली गेली की तुमचं पूर्ण वर्ष जातं.