दुभती गाय आणावी की पोराच्या हाती कालवड द्यावी?

आमच्या शिरूर तालुक्यात एखादा पोरगा किंवा पोरगी "मला गोठा करायचाय" म्हणाली, की घरचे दोनपैकी एक करतात. एक तर "रांजणगावला कंपनीत बघ काहीतरी" म्हणून विषय मिटवतात, नाहीतर कर्ज काढून दोन दुभत्या गायी दावणीला बांधून देतात. दुसऱ्या वाटेने गेलेली बरीच पोरं वर्षभरात गोठा मोडून बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांना जनावरांची खरी आवड होती. म्हणून दुभती गाय आणि कालवड, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण मादी, यांची ही तुलना.

दुभत्या गायीची मोठी बाजू म्हणजे पैसा लगेच सुरू होतो. आज गाय आणली की दहा दिवसांनी दुधाचा पगार हातात. कर्ज असेल तर हप्ता त्यातूनच जातो. पण चांगल्या संकरित गायीची किंमत लाखाच्या घरात, आणि चूक झाली की ती पहिल्याच दिवशी तेवढ्याची होते. बाजारात सोळा लिटर म्हणून घेतलेली गाय माझ्या घरी नऊवर आली. एक सड आतून कडक होता, तो मला तेव्हा कळला नाही. गाय घ्यायचीच असेल तर दुसऱ्या वेताची, म्हणजे दुसऱ्यांदा व्यायलेली घ्या, लागोपाठ तीन धारा समोर काढून बघा, चारही सड स्वतः पिळा आणि डॉक्टरकडून ब्रुसेलाची (गाभ पाडणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) रक्ततपासणी करून घ्या. शिवाय विण्याआधी साठ दिवस गाय आटवावी लागते. त्या दोन महिन्यांत दूध नाही, वैरण मात्र चालूच. खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा चाऱ्या-पेंडीचा असतो, त्यामुळे एकाच गायीवर हप्ता बसवला की इथेच गाडी अडते.

कालवडीचं उलटं. पैसा दिसायला संकरित कालवडीला जन्मापासून 27 ते 30 महिने लागतात. हा तोटा लपवण्यासारखा नाही. घरात दुसरी मिळकत नसेल, तर हा रस्ता धरूच नका. पण बारावीतला किंवा कॉलेजला जाणारा मुलगा असेल, तर हेच महिने त्याचं शिक्षण असतात, आणि चुका स्वस्तात होतात.

माझ्या पुतणीने अशी एक वाढवली. वासरू जन्मल्यावर पहिल्या दोन तासांत चीक (गाय व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध), दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका: 30 किलोचं वासरू तर तीन लिटर. दुसऱ्या आठवड्यापासून थोडं काफ स्टार्टर (वासरांचा खुराक), वेळेवर जंताचं औषध, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस (आयुष्यात एकदाच), लाळ्या-खुरकुताची वर्षातून दोनदा. सगळं तिने वहीत लिहिलं. वजनकाटा नव्हता म्हणून शिंप्याची टेप घेतली. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून बसण्याच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 660 ने भागायचं, उत्तर किलोत. घेर 60 आणि लांबी 50 भरली तेव्हा 272 किलो आले, आणि तेव्हाच आम्ही कालवड भरवली, म्हणजे गाभण राहण्यासाठी तिला रेतन करून घेतलं. वय झालं म्हणून घाई केली असती, तर विताना अडली असती. माज, म्हणजे गाभण राहण्याचा काळ, दर 21 दिवसांनी येतो, तो ओळखायला ती पहाटे उठून गोठ्यात बसायची. ही नजर विकत आणलेल्या गायीबरोबर येत नाही.

भरवताना लिंगनिर्धारित वीर्यमात्रेची चौकशी जरूर करा. त्या मात्रेने दहापैकी नऊ वेळा कालवडच होते. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळी कांचनला उभी केलेली, पशुपालनात काम करणारी बाएफ संस्था आपल्या जिल्ह्यातलीच. अशा ठिकाणी पोरांना एकदा घेऊन जा.

गीरसारख्या देशी गायीचा विचार बरेच जण करतात. तिला गोचीड तापाचा त्रास कमी आणि दुधाला फॅट जास्त, पण दूध कमी आणि पहिलं वेत उशिरा. कोथरूड-वाकडच्या सोसायट्यांत रोज सकाळी दूध पोचवणारा माणूस घरात असेल तरच हिशोब बसतो. नवख्याने आधी संकरित कालवडच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कालवड निवडताना आधी तिची आई बघा: कास, सड, पाय आणि दुधाची नोंद. गोऱ्ह्याबरोबर (नर वासराबरोबर) जुळी जन्मलेली कालवड घेऊ नका, ती बहुतेक वेळा कधीच गाभण राहत नाही. आणि जाताना पोराला बरोबर न्या. दोन-तीन चांगल्या कालवडी तुम्ही निवडा, त्यातली एक त्याला पसंत करू द्या.