पेज दुकानाचं, ताबा भामट्याचा

नाशिकमधल्या दुकानदारांनो, दिवाळी तोंडावर आली की 'तुमचं दुकान इन्स्टावर गाजवून देतो' म्हणणारी पोरं दारात येतात. पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

रविवार कारंजाजवळ आमचं साड्यांचं दुकान आहे. असाच एक जण आला, कॉलेज रोडच्या दुकानांच्या रील्स दाखवल्या. पॅकेज 18,000, जाहिरातीचं बजेट 25,000, वर 18 टक्के जीएसटी 7,740. एकूण 50,740 रुपये यूपीआयने दिले. बिलावर जीएसटी नंबर नाही! महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो, पोर्टलवर टाकला की नाव दिसतं. आधी तो मागा.

फॉलोअर्स धडाधड वाढले. संशय यायला हवा होता तो इथे. पैठणीच्या रीलखाली 'नाइस डिअर', 'ब्युटिफुल', नुसते इमोजी, नावं सगळी परदेशातली. साडीचं गिऱ्हाईक असं बोलतं का? ते विचारतं, 'प्राइस?', 'प्युअर की सेमी?', 'यात रामा कलर आहे का?', 'कुरिअर कराल का?' किंमत विचारणारी एकही बाई त्यात नव्हती. आयुष्य गिऱ्हाइकांत गेलंय माझं, म्हणून हे जास्त झोंबतं. पण सीझनमध्ये गल्ला सांभाळायचा, घड्या घालायच्या की कमेंट वाचत बसायचं? तेवढ्यासाठीच तर त्याला पैसे मोजले होते.

पुढे भाच्याने इन्स्टा-फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीची ॲड लायब्ररी उघडली. कोणत्या पेजची जाहिरात सध्या चालू आहे ते तिथे कुणालाही फुकट दिसतं. आमच्या पेजची एकही नव्हती, आणि हा पठ्ठ्या रोज 'ॲड चालू आहे शेठ' सांगत होता. जाब विचारला तर त्याने मलाच पेजवरून काढून टाकलं. 'सेटिंग करायचीय' म्हणून पूर्ण कंट्रोल त्याने आधीच घेतला होता. पेज परत हवं तर आणखी 15,000 टाका म्हणाला. दमडी दिली नाही. पूर्ण कंट्रोल कुणालाही देऊ नका, कामापुरता ॲक्सेस द्या. जाहिरातीचं खातं आपलं, कार्डही आपलं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, 'काका, पैसे तुम्हीच पाठवलेत, हे सिव्हिल मॅटर आहे.' पेज बळकावून पैसे मागणं सिव्हिल? सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे सामसूम. बँक म्हणते, पिन तुम्ही टाकलात. मेटाकडे तर माणूसच भेटत नाही, फॉर्म भरा आणि ठरावीक उत्तर घ्या. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, सेवा धंद्यासाठी घेतलीत, ग्राहक आहात की नाही यावरच आधी वाद होईल. कर भरताना आम्ही सगळ्यांना बरोबर सापडतो, दाद मागायला गेलं की आम्ही कोणाचेच नाही!

आणि पेज अजून त्याच्याच हातात आहे. आमच्या नावाने त्यावर 'क्लिअरन्स सेल' लावलाय. सिन्नरच्या एका ताईंनी तिथे 1,200 रुपये भरले आणि दुकानात येऊन साडी मागितली. आमच्या पाटीवर विश्वास ठेवून आल्या होत्या, म्हणून साडी दिली. पण हे किती जणींना पुरणार? त्या पेजवर कुणीही ॲडव्हान्स भरू नका. साडी हवी असेल तर दुकानात या, हाताने बघा, मग पैसे द्या. ज्यांनी भरलेत त्यांनी लगेच 1930 ला कळवा आणि स्क्रीनशॉट मला आणून द्या. तक्रारीला जोडायचे आहेत.