सीबीपी वन या अमेरिकी सीमा-अ‍ॅपवरची वेळ विकत घेतली, 2,050 डॉलर बुडाले

लिहायची लाज वाटते. पण अमेरिकेत तुमच्या ओळखीच्या कुणाचं माणूस सीमेपलीकडे अडकलं असेल तर हे वाचाच.

आमच्या लेकीला सांभाळणाऱ्या मावशी व्हेनेझुएलाच्या. त्यांची बहीण दोन मुलांना घेऊन सात महिने सिउदाद ख्वारेझ या मेक्सिकोतल्या सीमेवरच्या शहरात, एका निवाऱ्यात होती. जून 2024 नंतर सीमेवरची नदी ओलांडून आलात तर आश्रय मिळणं जवळजवळ अशक्य झालं होतं. तेव्हा सरळ वाट एकच होती, सीबीपी वन अ‍ॅपवर सीमेवरच्या अधिकाऱ्यांसमोर हजर व्हायची वेळ मिळवायची. सगळ्या सीमेवर मिळून दिवसाला 1,450 जणांनाच वेळ मिळायची, म्हणून ती रोज न चुकता अ‍ॅपवर मागणी टाकायची. नोव्हेंबरात ट्रम्प निवडणूक जिंकले आणि 20 जानेवारी 2025 ला ते पदावर आले की हे दार बंद होणार अशी धास्ती पसरली. नेमका तेव्हा, वेळ मिळवून देतो म्हणणारा हा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर आला.

नावापुढे ‘नोतारियो’. त्यांच्याकडे नोतारियो म्हणजे मोठा वकील, मावशींचा लगेच विश्वास बसला. मला तरी कळायला हवं होतं, आपल्याकडे कोर्टाबाहेरचा नोटरी शिक्काच मारतो ना? अमेरिकेतही तसंच. माणशी 600 प्रमाणे 1,800, वर ‘तातडी’चे 250. मावशींकडे नव्हते, 24 डिसेंबरला मी फोनवरून पाठवले. खात्यावर ऑफिसचं नाही, कुठल्यातरी बाईचं नाव होतं. तिथेच थांबायचं असतं.

दोन दिवसांनी पीडीएफ आली. 14 जानेवारी, दुपारी 1, सीमेवरचा पासो देल नोर्ते पूल. मुलांची नावं, वर गरुडाचा शिक्का. बहीण म्हणाली, “माझ्या अ‍ॅपमध्ये तर काहीच दिसत नाही.” तो म्हणाला, सिस्टिम उशिरा अपडेट होते. मी 16 वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, आणि मीच तिला समजावलं की होतं असं कधीकधी! अजून झोप लागत नाही मला. वेळ खरी असती तर तिच्याच अ‍ॅपमध्ये दिसली असती, आणि तिला एक सेंटही लागत नव्हता. पण निवाऱ्यातल्या त्या मुलांचे फोटो रोज बघितले असते तर तुम्हीही पाठवले असते पैसे.

वेळ मिळाली म्हणून तिने रोजची मागणी टाकणं सोडलं. एकोणीस दिवस. हे नुकसान कुठल्या डॉलरात मोजू?

14 तारखेला पुलावरून परत पाठवलं, यादीत नाव नाही. सहा दिवसांनी अ‍ॅपवर वेळ देणंच बंद झालं, खऱ्या वेळा मिळालेल्या सुमारे 30,000 लोकांच्याही रद्द झाल्या.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत. पोलिसांनी विचारलं, फसलं कोण, तुम्ही की ती? ती असेल तर तिने मेक्सिकोत तक्रार करावी. निवाऱ्याबाहेर पडायला घाबरणारी बाई तक्रार करणार? ऑनलाइन फॉर्म भरला तर नुसता एक क्रमांक आला. पोलिसांकडे दुसऱ्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मान वरही केली नाही. मावशी सोबत यायला तयार नव्हत्या, त्यांची स्वतःची केस चालू आहे. ही माणसं पोलिसांत जाणार नाहीत हे त्या चोराला पक्कं ठाऊक असतं, त्यावरच त्याचा धंदा चालतो.

चॅट पुसू नका. वकील म्हणवणाऱ्याचं नाव आधी राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, साइटवर शोधा, दोन मिनिटं लागतात.

त्याचा नंबर अजून चालू आहे. आता प्रोफाइलवर लिहिलंय, आश्रयाचा फॉर्म, 900 डॉलर. तो फॉर्म सरकारी साइटवरून फुकट उतरवता येतो.