संगीत नाटकांची पुस्तकं जमवताना: दीड वर्षाच्या वापरानंतर

दीड वर्षापूर्वी कपाटातला एक खण रिकामा केला आणि घरात सांगून टाकलं, की इथे आता फक्त मराठी संगीत नाटकांची पुस्तकं राहतील. आज तो खण भरून वरच्या खणातही शिरकाव झाला आहे. चाळीसेक संहिता, डझनभर आत्मचरित्रं, थोडे इतिहास, नाट्यपदांच्या स्वरलिपीची काही पुस्तकं आणि स्मरणिकांची एक चळत. यातलं काय रोजच्या हाताशी आलं आणि काय नुसती जागा अडवून बसलं, ते सांगावंसं वाटतं. हा विषय जमवायला घेणारे पुष्कळजण मी केली तशीच सुरुवात करतात, आणि ती सुरुवात चुकीच्या टोकाकडून असते.

ते टोक म्हणजे इतिहासग्रंथ. मला वाटलं, आधी पाया पक्का करावा. श्री. ना. बनहट्टींच्या ‘मराठी रंगभूमीचा इतिहास’चा पहिला खंड मिळाला तेव्हा आनंद मावेना. ग्रंथ भक्कम आहे, विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतल्या ‘सीतास्वयंवर’पासून बारकाईने चालत येतो. पण थांबतो १८७९ ला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक पुण्यात रंगले ते ३१ ऑक्टोबर १८८० ला. म्हणजे महिनाभर मन लावून वाचलं आणि ज्या गोष्टीसाठी वाचायला घेतलं ती सुरू व्हायच्या आदल्या वर्षी पुस्तक मिटलं. आज तो खंड मला हवाच आहे. भाव्यांच्या नाटकात पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं करायची, हे डोक्यात बसल्याशिवाय किर्लोस्करांनी पात्रांच्याच तोंडी गाणं दिलं याचा अर्थ लागत नाही. पण घरात पहिलं यावं असं ते पुस्तक नव्हे.

माझ्या लेखी खरी सुरुवात किर्लोस्करांच्याच ‘सौभद्र’च्या एका जुन्या संहितेने झाली. पानं पिवळी पडलेली, शिलाई सुटत आलेली. त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात एक ओळ होती: राग, ताल, आणि पुढे ‘चाल’. चाल म्हणून एखाद्या दुसऱ्याच गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. त्या काळच्या वाचकाला ते शब्द वाचताच गुणगुणता येत असणार. आपल्याला त्यातली बरीच मूळ गाणी ठाऊक नाहीत, पण कुठे लावणी आहे, कुठे कीर्तनातलं पद, कुठे कानडी वळण, याचा माग त्या ओळीतूनच लागतो. मधूनमधून साकी, दिंडी, कामदा या वृत्तांतली छोटी पदं. ‘शाकुंतल’मध्ये तर अशी लहानमोठी पदं शंभराच्या कितीतरी वर आहेत. नुसतं वाचताना दमायला होतं. मग लक्षात येतं की यातली पुष्कळशी पदं म्हणजे आपण समजतो तसं ‘गाणं’ नव्हेच, तो संवाद आहे. दिंडीतल्या चार ओळींत प्रश्न, पुढच्या साकीत उत्तर. हे मला कुठल्याही इतिहासाने इतकं नीट समजावलं नव्हतं.

म्हणूनच पुढच्या अनुभवाचा राग अजून गेलेला नाही. ‘शारदा’ची एक नवी, सुबक छपाईची आवृत्ती मी घरबसल्या मागवली. मुखपृष्ठ देखणं, कागद पांढराशुभ्र, टाइप मोठा. उघडून बघते तर पदांवरच्या राग-ताल-चालीच्या सगळ्या ओळी गायब. बहुधा अभ्यासक्रमासाठी छापताना कुणाला तरी त्या अनावश्यक वाटल्या असाव्यात. देवलांचं १८९९ चं नाटक, त्यातली पदं घराघरांत म्हटली गेली, आणि संहितेतून सूरच पुसून टाकलेले. प्रस्तावना होती बावीस पानांची, तीत बालाजरठ विवाहाच्या प्रश्नाची चर्चा होती, संगीतावर एक परिच्छेद. तेव्हापासून विक्रेत्याकडून पहिल्या पदाच्या पानाचा फोटो मागवल्याशिवाय मी एकही संहिता घेत नाही. दीड वर्षात शिकलेल्या सगळ्यांत उपयोगाच्या गोष्टी मोजल्या तर ही पहिली.

दुसरी गोष्ट म्हणजे जोडीने वाचणं. संहिता एकटी घेतली तर ती कपाटात जाते. तिच्यासोबत त्या नाटकात उभ्या राहिलेल्या माणसाचं पुस्तक घेतलं तर दोन्ही आठवडाभर टेबलावरून हलत नाहीत. ‘मानापमान’ घ्या. खाडिलकरांचं हे नाटक १९११ चं. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ठुमरी, दादरा, कजरीच्या वळणाचं पूरब अंगाचं संगीत त्यांनी मराठी रंगभूमीवर आणलं ते इथेच. बालगंधर्व भामिनी, गणपतराव बोडस लक्ष्मीधर. दोन वर्षांनी, १९१३ साली, हे तिघे किर्लोस्कर मंडळी सोडून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्या तिघांपैकी दोघांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या हे आपलं केवढं भाग्य! बोडसांची ‘माझी भूमिका’ आणि टेंब्यांचा ‘माझा जीवनविहार’ शेजारी शेजारी ठेवून, मधे ‘मानापमान’ची संहिता उघडी ठेवून मी एक पूर्ण पावसाळा काढला आहे. बोडस हे गद्याच्या बळावर उभे राहिलेले नट, त्यांची नजर भूमिकेवर. टेंबे पेटीवाले, चाली बांधणारे, त्यांचं लक्ष सुरांवर आणि मैफलीवर. एकाच कंपनीत वावरलेली ही दोन माणसं, पण एकाच्या पुस्तकात ज्याला प्रकरण मिळतं ते दुसऱ्याच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतं. आत्मचरित्रात माणूस स्वतःची बाजू मांडणारच, त्यामुळे एकट्या आत्मचरित्रावर विसंबू नये. दोन घ्यावीत, शक्य तर तीन.

टेंब्यांचंच ‘माझा संगीत व्यासंग’ मात्र संहिता हाताशी नसतानाही वाचावं. नाटकाच्या मागे केवढं मोठं गाणं उभं होतं ते त्यातून कळतं. १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या हे वाक्य आपण शंभरदा वाचलेलं असतं. पण बुवांच्या गाण्याचा आवाका समजल्यावर ‘नाथ हा माझा’तला यमन आणि ‘सुजन कसा मन चोरी’तला भूप वेगळे ऐकू येतात. मी ती पानं वाचून लगेच ध्वनिमुद्रण लावलं, परत पानांकडे आले, परत लावलं. संग्रहातलं पुस्तक उपयोगी की नाही, याची माझी कसोटी आता हीच आहे: ते मिटवून काहीतरी ऐकावंसं वाटलं पाहिजे.

आणखी एक जोडी सुचवते. चिंतामणराव कोल्हटकरांचं ‘बहुरूपी’ (१९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकाला) आणि गडकऱ्यांचं ‘भावबंधन’. दीनानाथ मंगेशकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासोबत कोल्हटकरांनी १९१८ साली बळवंत संगीत मंडळी काढली. ‘भावबंधन’मध्ये घनश्याम स्वतः कोल्हटकर आणि लतिका दीनानाथ. नाटक मंडळी चालवणं म्हणजे काय, हे पोटात कालवाकालव होईल इतक्या जवळून या पुस्तकात दिसतं. माझ्याकडची प्रत आता तिसऱ्यांदा वाचून झाली आहे. वसंत शांताराम देसायांचं ‘मखमलीचा पडदा’ त्याच्या शेजारीच ठेवलंय.

‘एकच प्याला’बद्दलही एक सांगायला हवं, कारण संहिता विकत घेताना हे कुणी सांगत नाही. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. त्यातली पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. माझ्याकडे दोन आवृत्त्या आहेत, एकीत गुर्जरांचा उल्लेख ठळक आहे, दुसरीत शोधावा लागतो. गडकऱ्यांचं गद्य आणि गुर्जरांची पदं असं वेगवेगळं वाचून पाहिलं की नायिका सिंधूच्या तोंडची भाषा पदात शिरताना किती मवाळ होते ते जाणवतं. मला त्यात उणेपणा वाटला नाही. तो हिशेब सिंधू करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्याचा असावा.

आता या संग्रहातली मला सर्वांत प्रिय वस्तू. ‘मानापमान’चीच एक जुनी प्रत, रद्दीतून आलेल्या गठ्ठ्यात मिळालेली, मुखपृष्ठ नाही. आधीच्या मालकाने ती प्रयोगाला बरोबर नेलेली असावी. प्रत्येक पदापाशी पेन्सिलीने खूण आहे: गायलेल्या पदाला बरोबरची खूण, गाळलेल्यावर आडवी रेघ. ‘नाही मी बोलत नाथा’ या पदापाशी एकाखाली एक तीन रेघा, म्हणजे वन्समोअर असणार. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी वेळ टिपलेली आहे. एका अंकाखाली १२.४०, पुढच्याखाली २.२५. मध्यरात्र उलटून गेल्यावर पुढचा अंक सुरू होऊन सव्वादोन उलटेपर्यंत चालला, लोक बसून राहिले, आणि एक माणूस मिणमिणत्या उजेडात पेन्सिल घेऊन संहिता चाळत होता. कुठला प्रयोग, कोण गात होतं, काही लिहिलेलं नाही. तरीही प्रयोग म्हणजे काय होता याचा याहून जवळचा पुरावा माझ्याकडे दुसरा नाही. दोन मंडळींनी मिळून केलेल्या ८ जुलै १९२१ च्या संयुक्त ‘मानापमान’बद्दल, बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, आपण भरभरून वाचतो. पण त्या एका रात्रीच्या मागे अशा कितीतरी रात्री होत्या, ज्या फक्त अशा खुणांतूनच उरल्या.

स्वरलिपीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. मी चार घेतली, वापरात एक आहे. नाट्यपद लिपीत मावत नाही. मुखडा आणि अंतरा कागदावर येतो, पण पदाचा जीव ज्या हरकतींत आणि शब्द घोळवण्यात असतो तो येत नाही. गाणं आधी कानात असेल तर उजळणीला ठीक. नसेल तर हे पुस्तक समोर ठेवून काही हाती लागायचं नाही.

अशोक रानड्यांचं ‘स्टेज म्युझिक ऑफ महाराष्ट्र’ इंग्रजीत आहे, संगीत नाटक अकादमीने १९८६ साली काढलेलं. मी ते फार उशिरा वाचलं आणि फार पूर्वी वाचायला हवं होतं असं वाटलं. नाट्यसंगीताचं कौतुक करणारी पुस्तकं उदंड आहेत, त्याच्याकडे संगीत म्हणून चिकित्सक नजरेने पाहणारी थोडी. हे त्या थोड्यांतलं.

स्वातंत्र्यानंतरच्या नाटकांचा विभाग माझ्याकडे तोकडा आहे. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) यांच्या संहिता आहेत, पण त्या हातात घेतल्या की वेगळीच अडचण येते. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या काळात पदं मोजकी झाली, प्रयोग आटोपशीर झाला आणि ध्वनिमुद्रणं मुबलक झाली. त्यामुळे पुस्तक वाचण्याआधी गाणं कानात बसलेलं असतं आणि संहिता त्याच्यामागे फरफटत येते. ‘कट्यार’ मी मुद्दाम एकही गाणं न ऐकता, पंधरा दिवस पथ्य पाळून वाचलं. दारव्हेकरांनी दोन घराण्यांचं वैर किती कमी शब्दांत उभं केलं आहे ते तेव्हा दिसलं.

एक मोठी पोकळी मात्र डाचते. सारंगीवर कादरबक्ष, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ अशी माणसं गंधर्व मंडळीत साथीला होती. माझ्या खणातल्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात त्यांची नावं येतात आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तक एक-दोन वाक्यांत पुढे जातं. नेपथ्य रंगवणारे, पडदे ओढणारे, मुदपाकखाना सांभाळणारे, यांचंही तेच. म्हणून आता स्मरणिकांकडे आणि मासिकांच्या जुन्या विशेषांकांकडे वळले आहे. पुस्तकात न मावलेली माणसं कधीकधी तिथल्या अर्ध्या पानाच्या लेखात सापडतात.

जपणुकीचं सांगायचं तर जुन्या संहितांचा कागद हलका असतो, दुमडला की कपचा निघतो. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. मी दोन पानांना लावली, वर्षभरात तिथे तपकिरी पट्टा उमटला आणि अक्षरं पुसट झाली. गंजलेल्या तारेच्या टाचण्या मात्र अलगद काढून साध्या दोऱ्याने शिवून घ्या. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कपाट उघडून पुस्तकांना वारा द्यायचा, कसर दिसली तर ते पुस्तक लगेच वेगळं ठेवायचं. आणि जी प्रत मोडकळीला आली आहे तिची पानं फोनवर टिपून वाचन त्यावरच करायचं. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या लेखनावर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही, जुन्या आवृत्त्यांच्या चित्रप्रती जालावर मिळतात. चाल बघायची असेल तर मी आधी तिथेच जाते, आणि पुस्तक मन लावून वाचण्यासाठी राखून ठेवते.

सध्या शोध आहे तो देवलांच्या ‘फाल्गुनराव’चा. १८९३ चं गद्य नाटक, ज्याचं पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. गद्य नाटकात पदं शिरली तेव्हा कुठलं वाक्य तुटलं, कुठला संवाद आखडला आणि ‘संशय का मनी आला’साठी जागा कशी केली, हे दोन्ही संहिता समोरासमोर ठेवून ओळीओळीने बघायचं आहे. ‘संशयकल्लोळ’ची चालींसकट छापलेली प्रत घरात येऊन सहा महिने झाले, तिच्या शेजारची जागा मी मोकळी ठेवली आहे.